दहांचं माप

आकड्यांच्या बाबतीत मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो. त्यातून माझ्या खिशात एक पैसाही आला नाही, त्याची चौकशी झाली नाही आणि आता होणारही नाही. हे फक्त माझ्या बायकोला माहीत आहे, आणि तिलाही मी ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पन्नाशी उलटल्यावर एकदा सगळं सलग लिहावं असं वाटलं, म्हणून लिहितो आहे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. मी नांदेडहून बदलून आलेला कारकून. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती, खुर्च्या कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे जो उशिरा येई तो खोक्यावर बसे. गावाला मात्र एकदम भाव आला होता. चहाच्या टपरीवर माणूस माणसाला तब्येत विचारायच्या आधी प्लॉटचा दर विचारायचा. काल ज्या माळावर शेरडं चरत होती तिथं आज चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसायच्या. कर्मचाऱ्यांची एक गृहनिर्माण संस्था निघत होती आणि तिच्या यादीत माझंही नाव होतं. अट एवढीच की नोकरी जिल्ह्याच्या ठिकाणी पक्की पाहिजे. माझी पक्की नव्हती.

आणि त्यातच दुष्काळ. सलग दुसरं वर्ष पाऊस दगा देऊन गेला होता. तालुक्यातालुक्यात रोजगार हमीची कामं निघाली आणि माझी नेमणूक औशाच्या बाजूला एका पाझर तलावावर झाली, हजेरी कारकून म्हणून. सकाळी लातूरहून एसटीनं जायचं, फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालायचं, माळावरच्या एकुलत्या कडुनिंबाखाली लाकडी टेबल मांडून बसायचं. हजेरीपत्रकावर नावं लिहायची, रोज सकाळी ती पुकारायची आणि शनिवारी ओव्हरसियर आले की त्यांच्याबरोबर टेपचं एक टोक धरून प्रत्येक टोळीचे खड्डे मोजायचे. टोळीनं आठवड्याला जेवढी माती खणली असेल तेवढा रोज आणि धान्याची कुपनं टोळीत सारखी वाटली जात. हे काम मला मनापासून आवडायचं. माझ्या मापात बोटभर फरक निघायचा नाही, आणि याचा मला गर्व होता.

हा गर्व घरातून आलेला नव्हता, उलट घराच्या विरोधात आला होता. माझ्या वडिलांचं भोकरला किराण्याचं दुकान होतं. डाळ जोखून झाली, काटा मध्यावर आला, की वडील वर चिमूटभर डाळ टाकायचे. काटा गिऱ्हाइकाकडं कलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला लहानपणापासून हे खटकायचं. शाळेत असताना मी एकदा या चिमटींचा हिशेब केला आणि महिन्याला सव्वादोन किलो डाळ अशीच जाते, असं त्यांना वहीत लिहून दाखवलं. वडिलांनी वही पाहिली आणि म्हणाले, "एवढीच?"

तलावावर अकरा टोळ्या होत्या. त्यातल्या सातव्या टोळीची ही गोष्ट आहे. टोळीत दहा नावं: चार जोडपी, त्यांची पुढारी असलेली एक विधवा बाई आणि एक म्हातारा. बाई चाळिशीची, तोंडानं फाटकी, खणण्यात दोन गड्यांना भारी. तिला सगळे अक्का म्हणत. म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणत, पण तो कुणाचाच मामा नव्हता. त्यांच्यापैकी कुणाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं, जातही वेगळी होती. तरुणपणी तो विहिरी खणायचा. एका विहिरीत दरड कोसळली, तेव्हापासून तो कमरेतून वाकला तो वाकलाच. चालताना त्याची नजर जमिनीवर असायची आणि कुणाशी बोलायचं तर त्याला मान वळवून कोंबड्यासारखं तिरकं वर बघावं लागायचं.

मामा खणत नव्हता. तो टोळीसाठी लांबच्या आडावरून पाणी आणायचा, एका वेळी अर्धी घागर. झाडाला बांधलेल्या झोळीतल्या पोरांना हलवायचा, कुदळीचा दांडा सैल झाला तर पाचर ठोकून द्यायचा. यातलं काहीही मापात धरता येत नव्हतं. रोज मातीच्या कामाचा, आणि मामा मातीला हात लावत नव्हता.

हे माझ्या दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. मी अक्काला विचारलंही होतं.

"तुमच्या टोळीत नऊच जण खणतात."

"हाव," ती म्हणाली. "नऊच खणतेत. माप किती भरलं ते बघा की."

माप मी पाहिलं होतं. पन्नास ब्रास, म्हणजे पाच हजार घनफूट. दर टोळीला दहा माणसांमागं साधारण तेवढंच भरत होतं. म्हणजे सरकारचा एक पैसाही बुडत नव्हता. नऊ जण दहांचं काम करत होते आणि मिळेल ते दहांत वाटून घेत होते. मी ते कागदाच्या कडेला पेन्सिलीनं मांडूनही पाहिलं: नऊ जण आठवड्याला पाच ब्रास माती मामाच्या नावानं जास्त खणतात. दुष्काळातली भेगाळलेली, टणक माती. कुदळ मारली तर ठिणगी उडावी अशी.

"का पण?" मी विचारलं.

अक्का माझ्याकडं असं पाहत राहिली की जणू मी दुपारी सूर्य कुठं आहे ते विचारलं. "आमच्या गावात सहा हिरी हायत," ती म्हणाली. "साहीत ह्यो उतरलेला हाय. आता ह्याची कंबर गेली म्हनून आमी ह्याला काठावर सोडून जावं का?"

दुपारी त्या टोळीचं जेवण बघण्यासारखं असायचं. ज्वारी महाग झालेली, कुपनावरचा मिळेल तो गहू, बरोबर चटणी नाहीतर नुसता ठेचा. सगळ्यांची फडकी एकत्र उघडायची आणि भाकरी एकावर एक ठेवायची. कुणाच्या किती हे त्यानंतर कुणालाच सांगता आलं नसतं. मला ते पाहून अस्वस्थ व्हायचं. अक्का कधीकधी माझ्या टेबलावर चतकोर भाकरी आणून ठेवायची. "खावा सायेब. लिहून लिहून बी भूक लागतीच की." मी खायचो. किती वेळा खाल्ली हेही मला आठवतं. चौदा वेळा.

मग एका शनिवारी ओव्हरसियर म्हणाले, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. नवा जिल्हा, नवे साहेब, त्यांना स्वतः माळावर येऊन हजेरीपत्रकावरची माणसं मोजायची आहेत. "जेवढी नावं तेवढी माणसं हातात कुदळ घेऊन दिसली पाहिजेत," ओव्हरसियर म्हणाले. "नाहीतर शेरा तुमच्या नावावर पडेल." माझ्या डोळ्यांपुढं मामा आला नाही. चुन्याच्या रेघा मारलेला प्लॉट आला.

त्या रविवारी मी घरी बसून सातव्या टोळीतलं दहावं नाव खोडलं. पट्टी धरून, सरळ रेघ मारून, शेजारी सही करून.

सोमवारी मी नऊ नावं पुकारली आणि आठव्या टोळीकडं वळलो.

"सायेब, एक राहिलं," अक्का म्हणाली.

"राहिलं नाही. कमी केलं. जो खणत नाही त्याचं नाव ठेवता येत नाही."

"माप भरतंय का न्हाई?"

"माप भरतं. पण नियम..."

"नियम व्हय?" तिनं कुदळ खाली टेकवली. "बरं, तुमच्या लातूरच्या हापिसात समदेच खणतेत का हो? का कुणी खुर्चीवर बसून बी हजेरी घेतंय?"

सगळ्या टोळ्या हसल्या. आठव्या टोळीतला एक गडी म्हणाला, "अक्का, खुर्ची न्हाई, खोकं हाय म्हनं तिथं!" आणखी हशा पिकला. मी म्हणालो की हुज्जत घातली तर पूर्ण टोळीची हजेरी थांबवीन. हसू थांबलं. अक्का मात्र थांबली नाही. "मी तहसीलला जाईन," ती म्हणाली. "मापाचा कागद दाखवीन. बघते कोण न्हाई म्हनतंय ते." ती खरंच गेली असती, आणि तपासणीच्या आठवड्यात मला तेच नको होतं.

दुपारी टोळ्या जेवायला बसल्यावर मामा एकटाच माझ्या टेबलापाशी आला. टेबलाची कड धरून, मान वळवून त्यानं माझ्याकडं तिरकं वर पाहिलं.

"सायेब, एक इचारू का? खरं सांगा. अक्का सांगायची न्हाई, ती भांडत बसंल. तुमी मोजता, तुमाला ठावं असंल. माझ्यापायी ह्यांचं माप कमी भरतंय का?"

माझ्यासमोर पत्रक होतं. पन्नास, पन्नास, एक्कावन्न, पन्नास. चार आठवड्यांचे आकडे माझ्याच अक्षरात. मी त्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "हो. कमी भरतंय."

त्यानं टेबलाची कड सोडली. मग म्हणाला, "मला वाटलंच व्हतं. ही मानसं बोलून दावायची न्हाईत." आणि मला हात जोडून, खरं सांगितल्याबद्दल हात जोडून, तो वळला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अक्का माझ्यापाशी आली. तिचा आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता.

"मामा गेलं. घराला कडी लावून गेलं. तुमी काय बोललाव त्यास्नी?"

"काही नाही," मी म्हणालो.

तपासणी झाली. नावं आणि माणसं जुळली. मला शाबासकी मिळाली. शनिवारी सातव्या टोळीचं माप घेतलं तर पंचेचाळीस ब्रास भरलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही पंचेचाळीस. नऊ माणसांचं नऊ माणसांइतकं. वरची पाच ब्रास त्यांनी कधी स्वतःसाठी खणलीच नव्हती. मी तो आकडा लिहिताना टेपचं दुसरं टोक अक्काच्या हातात होतं, कारण ओव्हरसियरांचा शिपाई आला नव्हता. तिनं आकडा विचारला नाही.

त्यानंतर महिनाभरानं मला कावीळ झाली. साधीसुधी नाही, तीन आठवडे अंथरुणावर. माझी रजा बायकोच्या बाळंतपणात संपली होती. पगार कापला जाणार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पक्कं होण्याच्या ऐन वेळी गैरहजेरी लागणार, या काळजीनंच मी अर्धा झालो. पहिल्या आठवड्याच्या शेवटी आमचे हेडक्लार्क घरी आले. किटलीत उसाचा रस घेऊन. दुष्काळात ऊस कुठं मिळाला देव जाणे.

"काळजी करू नका," ते म्हणाले. "तुमच्या तलावावर आम्ही आळीपाळीनं जातो. हजेरीवर तुमची सही होते आहे."

"कोण करतं?"

"कोण करतं ते विचारू नका. तुमच्यापेक्षा बरी करतो." ते हसले. "अहो, माणूस आहे, आजारी पडणारच. चौघांनी थोडं थोडं उचललं की एकाचं काम होऊन जातं."

मी "बरं" म्हणालो. या एका शब्दाच्या उच्चाराचीही मला लाज वाटते. मी, पट्टी धरून रेघ मारणारा माणूस, "नको, गैरहजेरीच लावा" म्हणालो नाही. तीन आठवडे मी पलंगावर झोपून हजर होतो. एकवीस दिवसांपैकी रविवार वगळून अठरा दिवस.

हेडक्लार्क गेल्यावर बायकोनं पेल्यात रस ओतला. सातव्या टोळीचं तिला मी सांगितलं होतं, अर्थात मामाला काय म्हणालो ते वगळून. ती पेला माझ्या हातात देत म्हणाली, "मग त्या मामांचं काय वेगळं होतं हो?"

मी रस प्यायलो. वेगळं एवढंच होतं की मामा पाणी तरी आणत होता.

बरा झाल्यावर पहिल्या दिवशी मी ठरवून गेलो होतो की नाव पुन्हा लिहायचं. शेरा पडला तर पडू दे. सातव्या टोळीपुढं उभा राहून मी अक्काला म्हणालो, "मामांना बोलवा. दहावं नाव लिहून घेतो."

अक्कानं कपाळावरचा घाम पदरानं पुसला. "आता कुठलं बोलवू? नांदेडला हाय त्यो. गावातला एकजन बघून आला. तितं गुरुद्वाऱ्यात लंगर हाय, कुणी ऊठ म्हनत न्हाई म्हनं." मग दुसरीकडं बघत म्हणाली, "न सांगता गेला बघा. आमी काय त्याला जड झालो व्हतो का, सायेब?"

तेव्हा मला कळलं की माझं एक वाक्य दोन्ही बाजूंनी कापत गेलं होतं. त्याला वाटत होतं की तो यांना जड झाला. यांना वाटत होतं की हे त्याला जड झाले. मधलं खरं काय ते फक्त मला माहीत होतं, आणि ते सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी म्हणालो, "म्हातारं माणूस आहे, मनात काय येईल सांगता येत नाही." आणि टेबलाकडं गेलो.

दिवाळीत आम्ही नांदेडला गेलो, बायकोचं माहेर तिथं आहे. त्याआधीच एका दुपारी मी तिला उरलेलं सांगून टाकलं होतं. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही त्यांना सांगणार ना?" भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तिनंच मला रिक्षात बसवलं.

डोक्याला रुमाल बांधून मी लंगरात पंगतीला बसलो. माझ्या रांगेत बेचाळीस माणसं होती. शेजारी एक ट्रकवाला, पलीकडं एक सोन्याच्या बांगड्या घातलेली बाई, समोर दोन भिकारी. मी मामाला जेवणाऱ्यांत शोधत होतो. तो वाढणाऱ्यांत निघाला. डोक्याला केशरी फडकं, हातात रोट्यांची टोपली. खाली बसलेल्यांना वाढायचं म्हणजे सगळ्यांनाच वाकावं लागत होतं, त्याला ते कष्ट नव्हते. माझ्यापर्यंत आला तेव्हा आमचे चेहरे अगदी समोरासमोर होते. त्याला मान वळवावी लागली नाही.

"आरं, कारकून सायेब!" त्याला खरोखर आनंद झाला. "तुमी हिकडं कुठं? बरं हाय का? पिवळं दिसून राहिलाव."

"कावीळ झाली होती."

"मंग तेलकट खाऊ नका. रोटी खावा." आणि मग त्यानं तेच विचारलं, ज्यासाठी मी आलो होतो. टोपली कमरेवर टेकवून, आवाज उतरवून. "आता भरतंय का हो टोळीचं माप?"

मी तयारीनं आलो होतो. रिक्षात वाक्य जुळवलं होतं: मामा, माप कधीच कमी नव्हतं, पन्नास भरत होतं, मी खोटं बोललो. तोंड उघडलंही. पण त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, खरीखुरी, त्या नऊ जणांबद्दलची. आणि माझ्या तोंडून निघालं, "भरतंय."

"पुरं?"

"पुरं."

त्यानं डोळे मिटले, उघडले. "मग बरं झालं मी निघालो," तो म्हणाला. "लई जीव लावायचे हो. त्यांच्या पोटातलं मी खात व्हतो."

त्याच्या समाधानाला हात लावू नये म्हणून मी गप्प राहिलो, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. बायकोलाही हेच सांगितलं. पण हिशेब मांडायचा तर तो असा आहे: मी खरं सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की नऊ माणसं दर आठवड्याला त्याच्यासाठी पाच ब्रास टणक माती खणत होती, कुणालाही न सांगता, आणि त्यांना ते जड नव्हतं. कदाचित तो त्याच संध्याकाळच्या गाडीनं गावी परतला असता. गेला नसता तरी त्याला कळलं असतं. ते न कळू देण्यात दया नव्हती. बेचाळीस माणसांच्या रांगेत मला खोटारडा म्हणवून घ्यायचं नव्हतं, एवढंच होतं.

संस्थेत मला प्लॉट मिळाला. त्यावर घर झालं, त्याच घरात बसून हे लिहितो आहे. तलाव पूर्ण झाला आणि आम्हा सगळ्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मी पुढच्या दोन दिवाळ्यांना त्या लंगरात गेलो. पहिल्या वेळीही ते वाक्य तोंडून निघालं नाही. दुसऱ्या वेळी मामा नव्हता आणि विचारलं तर कुणाला सांगता आलं नाही. अक्काच्या गावी मी कधी गेलोच नाही. लातूरहून तासाभराचा रस्ता आहे.

पण त्या दिवशी तो माझ्यासमोर होता, टोपली घेऊन. मी एक हात पुढं केला होता.

"असं न्हाई सायेब," मामा म्हणाला. "हितं दोन्ही हातानं घ्यायचं असतंय. जोडून. हां, असं."

मी हात जोडून पसरले. त्यानं एक रोटी ठेवली, माझ्याकडं पाहिलं आणि न मागता तिच्यावर आणखी एक ठेवली.